विहिणीची आंबील

शप्पथ! देवाची शप्पथ, अन्नाची शप्पथ, माझ्या उरल्यासुरल्या अकरा दातांची शप्पथ! यातला शब्दन् शब्द खरा आहे. खोटा निघाला तर उद्यापासून माझ्या चहात साखरेऐवजी मीठ पडू दे. आता गप बसा आणि ऐका.

म्हैसाळात मालनबाई चौगुले म्हणून एक बाई होती. स्वयंपाकाला अशी, की तिनं आमटीला फोडणी दिली की कृष्णेपलीकडच्या गावातली माणसं हातपाय धुवून पाटावर येऊन बसायची. देवळाच्या भंडाऱ्याला दीड हजार पान उठायचं, आणि मीठ एकदाही कमी नाही, एकदाही जास्त नाही. खरी गंमत तर पुढंच आहे. ही बाई रांधताना कधी चाखायची नाही. चाळीस वर्षांत तिनं एक थेंब तळहातावर घेतला नाही. नैवेद्याआधी जिभेला लावलं की अन्न उष्टं झालं, असं तिच्या सासूनं तिला पहिल्याच दिवशी बजावलेलं. मालनबाई झाकण काढायची, वाफ नाकात घ्यायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, "चिमूटभर कमी हाय." झालं! घाला चिमूटभर.

तर ही गोष्ट दोन हजार एक्केचाळीस सालची. मालनबाईला एकच मुलगा, संग्राम. त्याची बायको नम्रता. पोरगी जतकडची, कोरड्या मुलखातली, अंगानं काटकुळी पण कामाला तिखट. शेतांवर फवारणी करणारे ड्रोन चालवायची. बांधावर उभी राहून एका वेळी चार चार उडवायची, आणि कावळे म्हणे तिला बघून वाट बदलायचे. अशी पोरगी चौतिसाव्या वर्षी छातीत गाठ घेऊन मिरजेच्या हॉस्पिटलात बसली.

डॉक्टर म्हणाले, गाठ वेळेत सापडलीय. सहा केमो. दर तीन आठवड्यांनी एक सलाईन. सगळी घेतली तर बरी होईल. फक्त एक अट. वजन बेचाळीस किलोच्या खाली जाता कामा नये. गेलं तर पुढचं सलाईन लांबणीवर, आणि एकदा लांबत गेलं की गाठीला श्वास घ्यायला फुरसत मिळते.

पहिली दोन सलाईनं झाली आणि नम्रताचं जेवण सुटलं. मालनबाईनं काय करायचं बाकी ठेवलं नाही. शेवग्याची आमटी, गव्हाची खीर, लोणकढं तूप घालून मऊ भात. ताट जायचं भरलेलं आणि यायचं रिकामं, तरी काटा खालीच. एकोणपन्नासावरून पंचेचाळीस, मग त्रेचाळीस.

तेव्हा हॉस्पिटलातली आहारतज्ज्ञ घरी आली. शाहीन बागवान तिचं नाव, मिरजेचीच, पंचविशीतली पोर, पण बोलायला पन्नाशीतली. पलंगाच्या कडेला बसली आणि म्हणाली, "काकू, हे औषध आंधळं असतं. भराभर वाढणारी पेशी दिसली की मारायची, एवढंच त्याला कळतं. गाठ भराभर वाढते म्हणून मरते. पण केसांची मुळंही भराभर वाढतात, तोंडातलं अस्तरही. आणि जिभेवरच्या चवीच्या कळ्या तर दर दहाबारा दिवसांनी नव्या येतात. त्या उमलायच्या आतच करपल्या की पाणीसुद्धा गंजकं लागतं."

"पर येतील का परत?" मालनबाईनं विचारलं.

"येतील की. औषध संपलं की येतील. तोवर तिला खाता आलं पाहिजे."

आणि तिनं पिशवीतनं एक डबी काढली. डबीत दोन पापुद्रे होते. कांद्याचा असतो ना, उजेडात धरला की पलीकडचं दिसतं, तसले. एक नम्रताच्या टाळूला चिकटवायचा, एक रांधणाऱ्याच्या. जिभेवरची चव मेंदूकडं जाते ती बारीक विजेच्या लहरींनी. नम्रताचा पापुद्रा त्या लहरी वाचणार आणि मालनबाईचा पापुद्रा तश्शीच लहर मालनबाईच्या जिभेला देणार. नम्रता जे खाईल ते तिला जसं लागतं तसं इकडं सासूला लागणार. आणि थोड्या दिवसांत पापुद्र्याला नम्रताची जीभ पाठ झाली, की सासूनं चमचाभर आमटी चाखली तरी ती सुनेच्या जिभेनं चाखल्यासारखी लागणार.

"म्हणजे तुम्ही आधी चाखून बघायचं काकू, आणि मग ताट न्यायचं."

मालनबाई उठून उभी राहिली. "मी चाखत न्हाई."

"एक चमचा फक्त."

"अगं, चाळीस वर्षं न्हाई चाखलं! सासूला शब्द दिलाय."

"आत्या," नम्रता पलंगावरनं म्हणाली. आमच्याकडं सुना सासूला आत्याच म्हणतात. "आत्या, जीभ माझी ना? मग उष्टं झालं तर माझं होईल. तुमच्या सासूबाईंना माझं नाव सांगा."

मालनबाईनं बराच वेळ विचार केला. मग देवघरात जाऊन हात जोडले, काय बोलली देव जाणे, आणि येऊन तोंड उघडलं. "लाव."

चार दिवसांनी तिनं आपली ती नावाजलेली आमटी चमच्यात घेतली, फुंकली आणि जिभेवर ठेवली. आणि चुलीपाशीच बसली. ओल्या मातीत पडलेला जुना खिळा चघळावा तशी चव. वरून साबणाचं पाणी. तिनं गिळायचा प्रयत्न केला, आणि शेवटी राखेत थुंकलं.

ती तशीच उठून नम्रताकडं गेली. "हे तू महिनाभर गिळत हुतीस?"

नम्रतानं चादरीशी खेळत सांगितलं, "गिळत नव्हते. खिडकीतनं जास्वंदीला घालत होते."

"म्हणून वाळली हुय ती! आणि मी माळ्याला शिव्या घालतीय!"

दोघी हसल्या. नम्रताचं हसता हसता खोकल्यात गेलं, तेव्हा मालनबाईनं तिची पाठ चोळली. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, आणि सासूचा हात सुनेच्या पाठीवर पहिल्यांदा पडला होता.

त्यानंतरचे तीनचार आठवडे त्या घरातले चांगले. मालनबाईनं स्वयंपाक पहिल्यापासून शिकला म्हणा ना. गरमागरम वाढणं हा तिचा जन्माचा बाणा, पण पोरीच्या जिभेला कोमटच बरं लागतं हे तिला कळलं. स्टीलच्या चमच्यानं खिळा दुप्पट होतो हे कळलं, मग सांगलीवरनं लाकडी चमचे आले. मसूर नको, मूग चालतो. आमसुलानं खिळा बोथट होतो. ताटभर बघितलं की पोरीचं पोट भीतीनंच भरतं, म्हणून दर दोन तासांनी वाटीभर. पाणी उकळून गार केलेलं. जेवल्यावर मीठसोड्याच्या पाण्याच्या गुळण्या. संध्याकाळी ऊन उतरलं की सासूसुना मळ्याच्या बांधापर्यंत चालायच्या. पहिल्या दिवशी वीस पावलं, मग चिंचेपर्यंत, मग विहिरीपर्यंत. सलाईननंतर आठवडाभरानं रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी व्हायच्या. त्या दिवसांत कुणी भेटायला आलं की मालनबाई दारातच काठी आडवी धरायची. "लांबनं बोला. पोरगी दिसती का तिथनं? झालं तर मग." सरपंचालासुद्धा तिनं अंगणातनं परत लावला, आणि त्याच्या हातातलं नारळाचं तोरण काठीच्या टोकानं घेतलं.

फोनमधे पापुद्र्याची चार पट्ट्यांची खिडकी होती. आंबट, गोड, खारट, कडू. आंबटाची पट्टी जरा वर सरकवली की पोरीच्या जिभेला बारीक लहर जायची आणि खिळ्याची चव दबायची. ते कळ दाबणं सांभाळणाऱ्याच्या हातात दिलेलं, कारण पेशंटला तेवढंही त्राण नसतं. कडूची पट्टी मात्र वेगळ्या रंगाची. तिला कुंपण म्हणायचे; ती सरकवली की पेशंटच्या तोंडातला घास कडू लागायचा.

"लहान पेशंट असतात काकू," शाहीननं सांगितलं होतं, "लपूनछपून उघड्यावरचं खातात. पांढऱ्या पेशी कमी असताना त्यातनं ताप येतो, जिवावर बेततं. तेव्हा हे वापरायचं. पण पेशंटला सांगून आणि मला विचारून. त्याशिवाय हात लावायचा नाही."

"व्हय, व्हय."

वजन चव्वेचाळीस झालं. मग पंचेचाळीस. संग्रामनं काट्यावरचा आकडा फोटो काढून भावकीत धाडला. मालनबाईच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आणि आधी नुसता रांधताना लावायची तो पापुद्रा ती आता काढायचीच नाही. रांधताना, झाडताना, देवळात, दिवसभर लावून ठेवायची. चाळीस वर्षं बिनजिभेनं रांधलेल्या बाईला जीभ मिळालेली. ती कोण सोडेल?

आता विहीणबाईंचं सांगते. नम्रताची आई हौसाबाई. दर बुधवारी जतकडनं दहाच्या बसनं यायच्या. बाई उंच, काळीसावळी, बोलायला मोजकी. दारात पाय धुवायच्या, हात कोपरापर्यंत धुवायच्या, तोंडाला पट्टी लावून लेकीच्या खोलीत बसायच्या आणि दोनच्या बसनं परत.

"पोरगी जरा भरलीया की, विहीणबाई," एकदा त्या म्हणाल्या.

"भरणारच," मालनबाई म्हणाली. "हितलं खाऊन."

हौसाबाई नुसत्या हसल्या. आणि त्या हसण्याचं मालनबाईला आठवडाभर कोडं पडलं.

पुढच्या बुधवारी ती स्वयंपाकघरात दुधी किसत बसली होती. आणि एकाएकी तिच्या जिभेवर काहीतरी आलं. गारेगार. आंबूस. ज्वारीचा जरा खरखरीत गोडवा, लसणाची एक बारीकशी ठिणगी आणि वर जिरं. खिळा नाही! शोधला तरी खिळा नाही. मालनबाईचा किसणीवरचा हात थांबला. तिच्या कुठल्याही पदार्थाला पोरीची जीभ पहिल्या घासाला दचकायची, अंग चोरायची, मग कशीबशी सावरायची. आत्ता ती जीभ तळ्यातल्या म्हशीसारखी पसरून निवांत पडली होती. घोट, परत घोट, परत घोट. वाटी संपेपर्यंत.

मालनबाई दबक्या पावलांनी जाऊन दाराच्या फटीतनं बघून आली. हौसाबाईंच्या हातात काचेची बाटली. आंबील! गरिबाघरचं पेय. उन्हाळ्यात गड्यांना शेतावर देतात ती. ज्वारीचं पीठ ताकात आंबवायचं, शिजवायचं, झालं. त्यात ना तूप, ना मसाला, ना कष्ट.

तिनं सकाळी तीन तास राबून मुगाचं कढण केलं होतं. पोरीनं अर्धी वाटी ठेवली होती.

मालनबाई परत किसणीपाशी बसली आणि तिनं स्वतःला सांगायला सुरुवात केली. ताक हाय ते. आंबवलेलं. बसमधनं दोन तास आलेलं. कुणाकुणाचे हात लागले असतील. पांढऱ्या पेशी कमी हायत. पोरगीला काय झालं तर? एवढं सगळं तिनं स्वतःला सांगितलं, आणि सगळं पटलं. शाहीनला फोन करावा हे मात्र तिच्या मनात आलं नाही. किंवा आलं, आणि तिनं ते दुधीच्या सालाबरोबर बाजूला ठेवलं.

पुढच्या बुधवारी जिभेवर पहिला गार घोट आला तशी तिनं फोन घेतला आणि कडूची पट्टी सरकवली.

खोलीतनं आवाज आला. "आई, कडू लागतंय गं."

"कडू? लसूण करपला काय?"

"माहीत नाही. कडू आहे."

"बघू." घोट घेतल्याचा आवाज. मग हौसाबाई, "न्हाई की गं बाळा. मला तर न्हाई लागत."

"नको आई. ठेव."

इकडं मालनबाईच्याही तोंडात कडूजहर उतरलेलं. जोडीचाच पापुद्रा तो, तिला कसा सोडेल? तिनं मोरीत थुंकलं, आणि थुंकल्याचा आवाज जाऊ नये म्हणून नळ मोठा सोडला.

त्याच्या पुढचा बुधवार चौथ्या सलाईनच्या दुसऱ्या दिवशी आला. पोरीचं पोट आधीच ढवळत होतं. तरी आईनं एवढ्या लांबनं आणलीय म्हणून तिनं वाटी तोंडाला लावली. मालनबाईनं पट्टी सरकवली. दोन घोट पोटात गेले आणि सगळं बाहेर पडलं. सकाळचं, कालचं, नुसतं पाणी, मग पाणीही नाही. हौसाबाई तिचं टक्कल झालेलं डोकं धरून बसल्या होत्या. मालनबाई ओलं फडकं घेऊन धावली, फरशी पुसली, पोरीचं तोंड पुसलं. विहिणीकडं तिनं बघितलं नाही.

तिसऱ्या बुधवारी मात्र मालनबाईनं फोनला हातच लावला नाही. आईची शपथ, नाही लावला. हौसाबाईंनी पिशवीतनं बाटली नुसती वर काढली, झाकणसुद्धा उघडलं नव्हतं. आणि नम्रतानं तोंडावर हात दाबून भिंतीकडं तोंड फिरवलं.

"आई, ती बाहेर ने. लौकर ने."

हौसाबाई परसात गेल्या. शेवग्याच्या बुडात त्यांनी आंबील ओतली, नळाखाली बाटली धुतली, पदरानं पुसली, आणि बाटलीकडं बघत उभ्या राहिल्या. मालनबाई दारात होती.

"माझ्या हातालाच काय तरी झालंय," हौसाबाई म्हणाल्या. "लहानपणी तापात दुसरं काय जायचं न्हाई हिच्या पोटात. हीच जायची." मग त्यांनी बाटली पिशवीत घातली. "विहीणबाई, तुमच्याच हातचं मानवतंय तिला. तुम्हीच घाला. मी न्हाई आता काय आणत."

आणि मालनबाईला त्या क्षणी बरं वाटलं. लपवून काय करू? वाटलं. विहीण फाटकापर्यंत जाईस्तोवर ते टिकलं.

पंधरा दिवसांनी काटा एकेचाळीसवर सहाशे ग्रॅम. पाचवं सलाईन लांबणीवर पडलं.

शाहीननं त्यांना आपल्या खोलीत बोलावलं. मालनबाई खुर्चीत, संग्राम तिच्या मागं उभा. शाहीन पडद्यावरच्या रेघा बघत म्हणाली, "बुधवारच्या आंबिलीनं छान चाललं होतं की. आंबील पोटात गेली की पुढचे दोन दिवस तिची भूक उघडायची. तुमचं सगळं जेवण त्यावर जायचं काकू. मग आंबील बंद का केलीत?"

"कच्चं ताक..." मालनबाई म्हणाली. "पांढऱ्या पेशी..."

"कच्चं कुठलं? मीच शिकवली त्यांना. दोन तास इथं बसून शिकल्या. ताक पिठाबरोबर खळखळून उकळायचं, बाटली उकळून घ्यायची, बर्फाच्या डब्यात आणायची. प्रत्येक बुधवारी निघायच्या आधी मला बाटलीचा फोटो पाठवायच्या. तुम्हाला बोलल्या नाहीत?"

"न्हाई."

शाहीननं अजून एक रेघ उघडली. तिचा हात थांबला. कुंपण दोनदा लागल्याची खूण तिथं होती, तारखेसकट, वेळेसकट. तिनं मालनबाईकडं बघितलं. मालनबाईनं मांडीवरची पिशवी घट्ट धरली. मागं संग्राम विचारत होता, "काय झालं मॅडम? मशीन बिघडलंय का?"

"तुम्ही जरा खालून नम्रताचा रिपोर्ट घेऊन येता?" शाहीन म्हणाली. तो गेला.

शाहीननं दार लोटून घेतलं.

"मी न्हाई म्हणत न्हाई," मालनबाई म्हणाली. "आता पट्टीला हात लावत न्हाई. आता कडू लागायचं न्हाई तिला."

"लागेल काकू." शाहीनचा आवाज चढला नाही, तेच वाईट. "जीभ विसरते. मेंदू विसरत नाही. पोट एकदा उलटलं की त्याआधी जे खाल्लं ते विष, असं तो धरून बसतो. माणूस रानात कंदमुळं खायचा तेव्हापासूनची खोड आहे ती. विषारी कंद परत तोंडात जाऊ नये म्हणून. कारण सांगून पटत नाही त्याला."

"किती दिवस?"

"वर्षं. कुणाकुणाला जन्मभर."

"आणि मी सांगितलं तर? पोरगीला, की मीच..."

"तिच्या जिभेचं सांगता येत नाही. पण तिच्या आईला कळेल ना, की हाताचा दोष नव्हता." तिनं पडदा बंद केला. "मी नाही बोलणार. हे तुमच्या घरातलं आहे. तुम्ही बोला."

मालनबाईनं मान हलवली.

घरी आल्यावर तिनं फोनमधनं ती कडूची पट्टीच काढून टाकायला लावली आणि पदर खोचला. तीन आठवडे ती चुलीपुढनं हलली नाही. राजगिऱ्याची खीर, मऊ थालीपिठाचे टिचभर तुकडे, भोपळ्याचं सार. चाख, फेक, परत कर, परत चाख. काटा ग्रॅमाग्रॅमानं चढला. त्रेचाळीस झालं, पाचवं सलाईन झालं, मग सहावं. गाठ विरघळली. बैलांच्या सणाला, बेंदराला, नम्रताच्या डोक्यावर मखमलीसारखे केस आले, आणि दसऱ्याला शाहीननं दोघींचे पापुद्रे काढून डबीत ठेवले. सलाईनं संपल्यापासून चार महिन्यांत पोरगी परत बांधावर उभी राहून ड्रोन उडवायला लागली. मटण खायची, मिरचीचा ठेचा खायची, चिंच खायची. खिळा कुठल्या कुठं गेला.

फक्त ज्वारी आंबल्याचा वास आला की उठून जायची.

आणि मालनबाई बोलली नाही. आधी म्हणाली, पोरगीचं सलाईन होऊ दे. मग म्हणाली, केस येऊ देत. मग म्हणाली, दिवाळी तोंडावर हाय, कशाला घरात काळं. एकदा सुनेच्या डोक्याला तेल लावताना जिभेवर आलं होतं. तेवढ्यात नम्रताच म्हणाली, "आत्या, तुम्ही होतात म्हणून वाचले बघा मी." मग कसली बोलती? तेलाची वाटी झाकली आणि उठली.

संक्रांतीला नम्रता माहेरी जाऊन आली. पोळ्या लाटता लाटता सांगत होती, "आईनं आंबील करायचंच सोडलं, माहितीय? गावच्या जत्रेला तीस वर्षं तिच्याच हातची असायची. सगळं गाव प्यायचं. औंदा नाही म्हणाली. बायका न्यायला आल्या तर म्हणे, माझ्या हाताला विष आलंय, लेकीला बाधलं, दुसऱ्याच्या लेकराला कशाला पाजू?"

मालनबाईची पोळी तव्यावर करपली. तिच्या आयुष्यातली पहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं. संग्रामनं विचारलं, "कुठं निघालीस?" तर म्हणाली, "विहिणीकडं. काम हाय."

सव्वादोन तास बसमधे ती खिडकीला डोकं टेकून वाक्य पाठ करत होती. जतच्या पुढं मुलूख उघडा होत जातो. काळी रानं, बाभळी आणि वर पवनचक्क्या. फाट्यावर उतरून दीड मैल चालली. हौसाबाई अंगणात ज्वारी पाखडत होत्या. विहिणीला बघून त्यांनी सूप खाली ठेवलं.

"अगोबाई! कळवायचं तरी. आणि एकट्याच? पोरगी बरी हाय न्हवं?"

"बरी हाय. मीच आले."

घोंगडं पडलं, पाणी आलं, गुळाचा चहा आला. मालनबाईनं बशी खाली ठेवली.

"विहीणबाई, तुमच्या हाताला काय झालेलं न्हाई," ती म्हणाली. "आंबील कडू न्हवती. मी कडू केली. माझ्या फोनमधनं. मला सोसलं न्हाई, तुमची वाटी ती संपवायची ते."

हौसाबाई बघत राहिल्या. अंगणात कोंबडी पाखडलेली ज्वारी वेचत होती, तिला कुणी हाकललं नाही. मग हौसाबाई उठल्या. मालनबाईला वाटलं आता ही मला फाटक दाखवणार. त्या आत गेल्या आणि पिठाचा डबा घेऊन बाहेर आल्या. विहिणीच्या पाठीत त्यांनी असा एक रट्टा घातला, की तो आवाज ऐकून समोरच्या लिंबावरचे पोपट उडाले.

"बाई हायस का कोण?" त्या म्हणाल्या. आणि रडायला लागल्या, आणि रडता रडता पिठात ताक ओतायला लागल्या. "आता उद्यापत्तर हालायचं न्हाई हितनं. आंबायला एक रात लागती. प्याल्याशिवाय जाऊ देणार न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी अंगणात बसून आंबील प्याल्या. मालनबाईनं स्वतःच्या जिभेनं, कुणाचा पापुद्रा न लावता, पहिला घोट घेतला आणि म्हणाली, "चिमूटभर मीठ कमी हाय." आणि दोघी अशा हसल्या की...

बरं. राहू दे.

एवढं एक मी पदरचं घातलंय. पाठीतला रट्टा, ती रात, ती सकाळची आंबील. आणि त्याआधी मालनबाई जे बोलली ते. तेवढं सोडून बाकीचं सगळं खरं. ती गेली हे खरं, वाक्य पाठ करून गेली हे खरं. चहा प्याली, बशी खाली ठेवली. हौसाबाई पुढच्या पावसाळ्यात गेल्या, परत आंबील न लावता, आणि जाईपर्यंत लेकीच्या घरी कधी आल्या तर हात न उघडता, पदरात झाकून बसायच्या, हेही खरं.

त्या दिवशी त्यांनी विचारलंसुद्धा होतं. "विहीणबाई, काय तरी बोलायचं हुतं न्हवं तुमाला?"

"न्हाई वो," मालनबाई म्हणाली. "असंच आले हुते. बसा तुम्ही, मी निघते. गाडीची वेळ झाली."

गाडीला अजून दीड तास होता.